आठ तुकड्यांचं आभाळ

बोरपठारच्या शाळेत, वेधशाळेच्या पायरीपुढं एक गोल दगड जमिनीत बसवलेला आहे. जात्याच्या तळीपेक्षा मोठा, गाडीच्या चाकापेक्षा लहान. मध्यापासून कडेपर्यंत त्याच्यावर आठ रेघा कोरलेल्या आहेत, त्यामुळे त्याचे आठ तुकडे पडतात. पण ते सारखे नाहीत. सात साधारण एका मापाचे, आणि आठवा, पूर्वेकडचा, चांगला दीडपट. नवख्या माणसाला वाटतं, कोरणाऱ्याचा हात चुकला. गावात कुणालाही विचारा, तो म्हणतो, चुकला नाही. त्यापुढं मात्र काही सांगत नाही, नुसतं शाळेकडं बोट करतो. पुढचं सांगण्याचा मान धोंडूनानांचा आहे.

धोंडूनाना शेलार हे या शाळेचे निवृत्त शिपाई आणि माझ्या सासऱ्यांचे चुलते. वय अठ्ठ्याहत्तर. निवृत्तीला वीस वर्षं झाली, पण वेधशाळेच्या किल्ल्या त्यांच्याच करगोट्याला आहेत. त्या परत मागायचं धाडस आजवर एकाही मुख्याध्यापकाला झालेलं नाही. लग्नाला पंधरा दिवस झाले होते. मी आणि अभय सकाळी पावणेआठला शाळेत पोचलो, तेव्हा नाना फाटकातच उभे होते.

"उशीर केलासा," ते अभयला म्हणाले. "साडेआठला काम आहे, आणि गोष्ट लांब आहे. सूनबाई, चप्पल राहू द्या पायात. देऊळ नाही हे."

कसलं काम ते कुणी मला सांगितलं नव्हतं. सासूबाई निघताना एवढंच म्हणाल्या होत्या, "बोरपठारची सून आहेस, दगडावर जाऊन आलं पाहिजे." नव्या सुनेला कुठं कुठं जाऊन यावं लागतं याचा मला तोवर चांगला सराव झाला होता. कुलदैवत, मारुती, आत्याबाईंचं घर, दुसऱ्या आत्याबाईंचं घर. प्रत्येक ठिकाणी पाट, ओटी, आणि मग चहूबाजूंनी "नाव घे, नाव घे". पंधरा दिवसांत मी अकरा वेळा नाव घेतलं होतं. चांदीच्या ताटातलं जे जे काही असतं ते संपलं होतं, आणि दगडावर उभं राहून बारावं नाव घ्यायला मी मनातल्या मनात यमक जुळवत होते.

नानांनी आधी सगळं फिरून दाखवलं. मैदानाच्या कोपऱ्यात तारेचं कुंपण आहे, त्याच्या आत हवामान केंद्र. चार पायांवर उभी, झडपांची पांढरी पेटी, लांबून मधमाश्यांच्या पेटीसारखी दिसते. तिच्यात चार तापमापक. बाजूला पाऊस मोजायचं तांब्याचं भांडं, आणि खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण. तो बाण नांगराच्या जुन्या फाळाचा ठोकलेला आहे. जड आहे, हलक्या वाऱ्याला दाद देत नाही. नानांना त्याचं काही वाटत नाही. "हलक्या वाऱ्याची नोंद घिऊन करायचंय काय?" ते म्हणाले.

कुंपणापलीकडं वेधशाळा. खोली एकच, वर पत्र्याचा घुमट, तो दोर ओढला की गरागरा फिरतो. आत दुर्बीण आहे. कुण्या संस्थानिकानं विलायतेहून हौसेनं आणवली आणि कंटाळा आल्यावर शाळेला देऊन टाकली, असं सांगतात. दुर्बिणीखाली लाकडी कपाटात नोंदवह्या ओळीनं लावलेल्या आहेत. दिवसाला एक ओळ. एकही दिवस रिकामा नाही, असं नाना म्हणतात, आणि हे म्हणताना किंचित थांबतात, कारण गोष्ट तिथंच सुरू होते.

आम्ही पायरीवर बसलो. नाना उभेच राहिले. सांगायचं ते उभ्यानं सांगायचं, अशी त्यांची पद्धत आहे.

पानशेत फुटायच्या दहा-बारा वर्षं आधीची गोष्ट. नाना तेव्हा रांगत होते, म्हणजे त्यांनीही ती ऐकलेलीच आहे, त्यांच्या आईकडून. शाळेत केरबा लोहार नावाचे एक गुरुजी होते. जातिवंत लोहाराचं पोर. बापाच्या भात्याशेजारी बसून शिकलं आणि गणिताचा मास्तर झालं. वाऱ्याचा तो बाण त्यांनीच घरच्या ऐरणीवर ठोकलेला. शाळेतली दुर्बीण बरीच वर्षं धूळ खात पडली होती. रात्री तारे बघायला पोरं यायची नाहीत, कारण पठारावर वाघराचं भय. तेव्हा गुरुजी म्हणाले, दिवसा दिसणारा एक तारा आहे की, तोच बघू. ते सूर्य बघू लागले.

सूर्यावर डाग असतात आणि ते अकरा वर्षांत वाढून परत कमी होतात, असं त्यांच्या वाचनात आलं होतं. त्या डागांचा आपल्या पठारावरच्या पाऊसपाण्याशी काही संबंध आहे का, हे त्यांना बघायचं होतं. म्हणून त्यांनी व्रत घेतलं, असं सांगतात. अकरा वर्षं, रोज सकाळी, सूर्याचं चित्र काढायचं. आणि साडेआठला हवामानाची नोंद करायची. त्या नोंदी महिन्याच्या महिन्याला पुण्याच्या कचेरीत जात. नोंदीच्या शेवटी छापील ओळ असे, 'वरील सर्व मी स्वतः पाहिले आहे', आणि तिच्यापुढं सही. गुरुजींना साऱ्या वहीत ती ओळ सगळ्यांत मोठी वाटायची. वर्गातही त्यांचं एकच सांगणं होतं, म्हणे: न पाहिलेलं लिहायचं नाही. कुणी दुसऱ्याच्या पाटीवरून उत्तर उतरवलं, तर ते बरोबर असलं तरी गुरुजी पुसायला लावायचे.

सहा वर्षं व्रत सुरळीत चाललं. सातव्या वर्षी दुर्बिणीला लावायची काळी काच तडकली. नवी मागवली, पण ती कुठल्या बंदरात अडकली कुणास ठाऊक. एक दिवस जरी चुकला तरी व्रत मोडतं. गुरुजींनी साध्या काचेवर दिव्याची काजळी धरली आणि तीच लावली. लोहाराचा मुलगा, भट्टीच्या जाळाकडं बघत वाढलेला, त्याला वाटलं असेल आपले डोळे जाळाला सरावलेत. काजळी कुठं दाट, कुठं विरळ. तीन महिन्यांनी नवी काच आली तेव्हा तिचा उपयोग उरला नव्हता.

"आंधळं नाही झालं," नाना म्हणाले. "लोक आंधळं म्हणतात, पण तसं न्हवतं. मधलं गेलं. कडंचं राहिलं."

ज्याच्याकडं बघावं नेमकं तेच दिसायचं नाही. त्याच्या आजूबाजूचं दिसायचं. माणसाचा चेहरा नाही, कान दिसायचे. आकडा नाही, चौकट दिसायची. चालता-फिरता यायचं, त्यामुळं कुणाला संशय आला नाही. पाढे तर पाठच होते, पोरं ओरडून म्हणायची. नोंदींचं काय, तर त्यांनी पेटीला डोळा तिरका लावून कसंबसं वाचायला सुरुवात केली होती, आणि कुणाला एक अक्षर सांगितलं नाही.

त्याच वर्षी माघात त्यांचं लग्न झालं.

इथं अभयनं माझ्याकडं बघितलं. मी दगडाकडं बघत राहिले.

मुलगी खालच्या खोऱ्यातली, हौसा नावाची. शाळेत गेलेली नव्हती. आकडे मात्र ओळखायची, कारण बापाबरोबर बाजारात काट्याजवळ बसायची. बोलायला कमी. नानांची आई सांगायची, की ती आली तेव्हा बायका म्हणाल्या, गुरुजींनी मुकी बायको केली. पण जी बोलत नाही ती बघत असते, हे बायकांच्या ध्यानात यायला वेळ लागला.

लग्नाला पंधरा-वीस दिवस झाले असतील. एका सकाळी तिनं ताट वाढलं आणि चूक केली. ताटात चटणी डावीकडं असते आणि भाजी उजवीकडं, हे जगाला माहीत आहे. तिच्या माहेरी मात्र तिची आजी डावखुरी होती, त्यामुळं घरभर सगळं उलटं. घाईत हौसानं माहेरच्यासारखं वाढलं. उजवीकडं मिरचीचा ठेचा, हिरवागार, लसूण घालून रगडलेला. गुरुजी बसले, भाकरीचा मोठा तुकडा मोडला, उजवीकडचा भला मोठा घास उचलला आणि तोंडात घातला.

हौसा बघत होती. घास जाताना तिला ओरडायचं होतं, पण नवऱ्याला हाक कशी मारायची हे तिचं अजून ठरलं नव्हतं. गुरुजींच्या डोळ्यांतून पाणी आलं, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी घास गिळला, पाण्याचा तांब्या चाचपत रिता केला आणि म्हणाले, "भाजी झकास झालीया."

"मग?" मी विचारलं. त्या सकाळचा माझा तो पहिलाच शब्द होता.

"मग काय. त्या बाईनं काय न बोलता ताट फिरवलं," नाना म्हणाले. "भाजी त्यांच्या हाताखाली आणली. आणि दुसऱ्या दिशी साडेआठला त्यांच्या मागनं पेटीपाशी जाऊन उभी राहिली."

गुरुजींनी पेटी उघडली, डोळा तिरका केला. मागून आवाज आला, "चोवीस. आणि वर दोन बारक्या रेघा." त्यांनी मान वळवली नाही. मग त्यांनी टाक उचलला, ओळीखाली पट्टी धरली आणि चाचपत लिहिलं, चोवीस पूर्णांक दोन दशांश. त्या दिवसापासूनच्या नोंदी वहीत बघायला मिळतात. ओळी सरळ नाहीत, मुंग्या वाट चुकल्यासारख्या वरखाली गेल्या आहेत.

आभाळ मोजायलाही गुरुजींनीच शिकवलं. हवामानवाले आभाळाचे आठ भाग धरतात आणि किती भाग ढगांनी झाकलेत ते लिहितात. हौसाला भाग कळेना. तेव्हा गुरुजींनी ताटातली भाकरी उचलली, अर्धी केली, अर्ध्याची अर्धी, तिचीही अर्धी. "हे आभाळ," ते म्हणाले. "ढग सगळे एका बाजूला सरकव मनात, आणि मला सांग किती तुकडं झालं." आणि वर एक गोष्ट सांगितली, जी फक्त तेच सांगू शकत होते: "डोक्यावर बघू नगंस आधी. कडेनं बघ. डोक्यावरचं कुणालाबी दिसतं."

असे दिवस चालले. हौसा बघायची, गुरुजी लिहायचे आणि खाली सही करायचे. सही करताना त्यांचा हात दर दिवशी थोडा जास्त वेळ थांबायचा. हौसाला वाटायचं, दिसत नाही म्हणून थांबतो.

चैत्रात एक चूक झाली. पेटीतल्या एका तापमापकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलेलं असतं, त्याची दुसरी बाजू पाण्याच्या वाटीत. त्या ओल्याच्या आणि शेजारच्या कोरड्याच्या आकड्यांतल्या फरकावरून हवेत दमटपणा किती ते निघतं. हौसाला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिनं आपलं बघितलं, की चौघांतल्या एकाला बिचाऱ्याला सतत पाण्याची पट्टी लावून ठेवलीय. ताप आलेल्याला लावतात तशी. एवढे दिवस पट्टी, म्हणजे दुखणं लांबलं. आकडाही शेजारच्यापेक्षा खाली, म्हणजे अंग गार पडलं. आणि गार पडलेल्याच्या अंगावर ओलं राहू देऊ नये, हे तिला आईनं शिकवलेलं. तिनं मायेनं फडकं काढलं, वाटी पालथी केली, जुन्या लुगड्याची कोरडी मऊ चिंधी त्या टोकाला बांधली.

तीन दिवस दोन्ही आकडे सारखे येत राहिले. सारखे म्हणजे हवा पाण्यानं गच्च. गुरुजींनी तीन दिवस तसंच लिहिलं. चौथ्या दिवशी त्यांनी जिभेनं ओठ चाचपले. ओठ तडकले होते. अंगणातल्या शेणाला भेगा पडल्याचं पायाला लागत होतं. त्यांनी पेटीत हात घातला आणि हाताला कोरडी चिंधी लागली.

ते रागावले नाहीत, म्हणे. रागावले असते तर बरं झालं असतं, असं हौसाबाई पुढं म्हातारपणी नानांच्या आईला म्हणाल्या होत्या. त्यांनी तिच्याकडून चिंधीचं कारण ऐकून घेतलं. थोडं हसू आलं असावं, ते ओठाच्या भेगेत दुखलं. मग वही मिटली.

"फडक्याची चूक तुझी न्हवं," ते म्हणाले. "तीन दिवस खोटं लिहिलं ते मी. आणि आधीचं खरं होतं, तेबी खोटंच. मी बघितलं, असं लिहितोय रोज. बघितलंय कुणी?"

"मी बघितलंय की," हौसा म्हणाली.

"सही माझी हाय."

त्या दिवसापासून वही कोरी राहिली. गुरुजींनी पोस्टमास्तरांकडून पुण्याच्या कचेरीला पत्र लिहून घेतलं. डोळे गेले आहेत, माघापासूनच्या नोंदी मी पाहिलेल्या नाहीत, त्या धरू नयेत, केंद्र उचलावं. पोस्टमास्तरांनी लिहिता लिहिता तीनदा विचारलं, पाठवू ना? केंद्र गेलं असतं. आंधळा मास्तर शाळा ठेवून घेणार नाही, तेव्हा नोकरीही गेली असती. व्रताची चार वर्षं उरली होती. ती तर गेल्यातच जमा होती. हे सगळं एका तिकिटात गेलं.

हौसानं हुज्जत घातली नाही. भाकऱ्या करत राहिली. फक्त रोज साडेआठला ती पदराला हात पुसून घरातून नाहीशी व्हायची आणि थोड्या वेळानं परत यायची. गुरुजी विचारायचे नाहीत. त्यांना वाटायचं, पाण्याला जात असेल.

पत्र गेल्यावर सतराव्या दिवशी पुण्याचे साहेब आले. एस.टी. तेव्हा पठारावर चढत नव्हती, खालून पायी आले, घामानं डबडबून. त्यांनी आधी वही मागितली. वळणं घेतलेल्या ओळी बघितल्या, मग सतरा दिवसांची कोरी जागा. साहेब म्हणाले, "गुरुजी, चूक होते ती सुधारता येते. पण रिकामा दिवस परत भरता येत नाही." गुरुजी मान खाली घालून बसले. आता केंद्र उचलल्याच्या कागदावर त्यांची सही घ्यायची, एवढंच काम राहिलं होतं.

साहेबांना तहान लागली. पाणी मागायला ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि तिथंच थांबले. चुलीशेजारच्या पांढऱ्या मातीच्या भिंतीवर कोळशानं आकडे लिहिलेले होते. सतरा ओळी. प्रत्येकीत चार तापमापकांचे चार आकडे, आणि शेवटी एक गोल, आठ भाग केलेला, त्यातले काही भाग कोळशानं भरलेले. फडकं पुन्हा ओलं केल्यापासूनचा एकही दिवस सुटला नव्हता.

"हे कुणी लिहिलं?" साहेबांनी विचारलं.

हौसा डोक्यावरचा पदर पुढं ओढून उभी राहिली.

साहेब मोठे कडक होते, असं सांगतात. भिंतीवरचे आकडे कुणीही लिहील. ते हौसाला घेऊन अंगणात आले. गुरुजीही भिंतीला हात लावत मागं आले. तोवर निम्मं गाव जमलं होतं. साहेबांनी वर बघितलं, मनाशी हिशेब केला आणि म्हणाले, "सांगा बाई. आभाळ किती?"

हौसा सावकाश स्वतःभोवती फिरली. एक पूर्ण फेरी. बायका पदरात तोंड घालून हसल्या, कुणी म्हणालं, गौरी फिरतीया बघा. ती थांबली आणि म्हणाली, "पाच."

"चार," साहेब म्हणाले. "मी बावीस वर्षं आभाळ मोजतोय."

कुणाला वाटलं, ती आता गप्प बसेल. पण ती म्हणाली, "साहेब, तुम्ही मधलं मोजलंसा. डोंगरामागं बघा. भाकरीची कड टाकून द्यायची नसती."

साहेब मागं वळले. पूर्वेच्या डोंगराच्या पाठीला लागून, अगदी खाली, ढगांचा एक पट्टा आडवा पसरला होता, जुन्या वाकळेसारखा मळकट. उभा राहून डोक्यावर बघणाऱ्या माणसाला तो दिसलाच नसता. साहेबांनी तो पट्टा टोकापासून टोकापर्यंत बोटानं मापला. मग अंगणातल्या बाजेवर बसले, वही उघडली, आणि भिंतीवरच्या सतरा ओळी हौसाकडून वाचून घेत स्वतःच्या हातानं वहीत उतरवल्या. वही अशी भरली. त्या ओळींची शाई निळी आहे, आधीच्या-नंतरच्या सगळ्या काळ्या. नानांनी वही काढून आम्हाला दाखवली. निळ्या सतरा ओळी.

शेवटी सहीची जागा आली. 'वरील सर्व मी स्वतः पाहिले आहे.' साहेबांनी टाक वर धरला. "नाव काय लिहू?"

हौसा म्हणाली, "लिवा, लोहार गुरुजींच्या घरातून."

"तसं नाव नसतं, बाई. स्वतःचं नाव पाहिजे."

बाईमाणसानं चारचौघांत आपलं नाव सांगायचं, तेही सरकारी माणसाला, असला प्रसंग त्या अंगणात कधी आला नव्हता. ती पदर चावत उभी राहिली. साहेबांच्या टाकाची शाई वाळत आली. तेव्हा भिंतीपाशी उभे असलेले गुरुजी बोलले. त्यांना तिचा चेहरा दिसत नव्हता, बांगड्यांपाशी कुठंतरी नजर होती.

"हौसा," ते म्हणाले. "तिचं नाव हौसा हाय. तिनंच बघितलंय सगळं."

नवऱ्यानं बायकोचं नाव गावादेखत घेतलं. नानांची आई त्या अंगणात होती, कडेवर नानाला घेऊन. ती सांगायची, की ते ऐकून हौसा पहिल्यांदाच मोठ्यानं हसली. बायकांना कळलं, ही मुकी नव्हे.

साहेब पुढं काय म्हणाले याबद्दल गावात दोन मतं आहेत. एक म्हणतात, त्यांनी तिला तिथल्या तिथं निरीक्षक नेमलं आणि शाळेलाही गुरुजींबद्दल चार शब्द लिहिले. दुसरे म्हणतात, ते काहीच बोलले नाहीत, ठेचा-भाकरी खाल्ली, डोळे पुसले आणि डोंगर उतरले. केंद्र उचलायचा कागद मात्र बाजेखाली राहिला, आणि हौसानं तो चुलीत घातला. काही का असेना, केंद्र राहिलं. गुरुजी राहिले. उरलेली चार वर्षं सूर्याची चित्रंही झाली, पण दुर्बिणीला डोळा लावून नाही. हौसानं दुर्बिणीच्या बुडाशी ताटली धरली, वर कागद ठेवला, आणि सूर्य त्या ताटलीत उतरला, भाकरीएवढा, करपल्या डागांसकट. ही युक्ती जगात आधीपासून होती असं अभय म्हणाला. नानांनी त्याच्याकडं असं बघितलं, की त्यानं तो विषय तिथंच सोडला.

मधले चित्राविना गेलेले दिवस कोरेच राहिले, पण व्रत पुरं झालं. डागांचा आणि पावसाचा काही संबंध लागला का, असं मी विचारलं. "नाही लागला," नाना म्हणाले. "पण अकरा वर्षं बघितल्याबिगर नाही म्हणता येतंय व्हय?"

त्या वर्षी गुरुजींनी भात्यावर छिन्नी पाजळली आणि हा दगड घडवायला घेतला. नजरेच्या मधोमध काही दिसत नव्हतं, म्हणून बोटांनी चाचपून रेघा मारल्या. शेवटच्या रेघेला हौसा म्हणाली, हा तुकडा मोठा होतोय, थोडं अलीकडं घ्या. गुरुजी म्हणाले, "होऊ दे. ही कडंची बाजू. हा तुझा."

"मी नोकरीला लागलो तवा पेटी हौसाबाईच उघडायच्या," नाना म्हणाले. "मी विचारलं हुतं एकदा, हे सगळं खरं हाय का म्हणून."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, लोकं सांगत्यात त्यात कोण कोण हुतं बघायला, ते इचार आधी."

घड्याळात आठ अठ्ठावीस झाले होते. नानांनी पेटी उघडली, आकडे वहीत मांडले, मग मला हातानं दगड दाखवला. मोठ्या तुकड्यावर मी उभी राहिले. शाळेतली मुलं प्रार्थनेच्या रांगेतून माना वळवून बघत होती. यमक तयार होतं. मी सुरुवात करणार, तोच नाना म्हणाले, "नाव नको, सूनबाई. हितं नाव घेत नाहीत. तुम्हाला काय दिसतंय ते सांगा. आभाळ किती?"

पंधरा दिवसांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मार्गशीर्षातलं आभाळ वर लख्ख निळं होतं. अभय ओठांतल्या ओठांत म्हणाला, "शून्य सांग, शून्य." मी हौसाबाईंसारखी स्वतःभोवती फिरले, सावकाश. पेटी, फाळाचा बाण, घुमट, पटांगण, डोंगर, आणि डोंगराच्या पाठीला चिकटलेली ढगाची एक मळकट कड.

"एक," मी म्हणाले.

अभय वर बघायला लागला, तसा नानांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याची मान सरळ केली. मग टाकासारखं धरलेलं बॉलपेन माझ्यापुढं न करता त्याच्याकडंच वळून म्हणाले, "बोल. नाव काय लिहू?"

अभयला क्षणभर समजलं नाही. मग समजलं, आणि त्याचे कान हौसाबाईंच्या ठेच्यानं व्हावेत तसे लाल झाले. घरात तो मला "अगं" म्हणतो.

"शलाका," तो म्हणाला. मुलांच्या रांगा ऐकत होत्या. "शलाकानं बघितलंय."

नानांनी तेवढंच लिहिलं. माहेरचं नाही, सासरचं नाही. मागच्या पानांवर आणि जुन्या वह्यांत अशीच नुसती नावं होती, मधूनमधून, ज्या ज्या दिवशी बोरपठारची नवी सून दगडावर आली त्या त्या दिवशी. सगळ्यांत पहिलं, निळ्या ओळींपाशी, हौसा.

आजही तिथं साडेआठला पेटी उघडते. आजही नवी सून आली, की ती त्या मोठ्या तुकड्यावर उभी राहते, आणि तिनं सांगितलेलं आभाळ जसंच्या तसं वहीत जातं, खाली तिच्या नवऱ्यानं घेतलेल्या तिच्या नावासह. ती सांगते तेव्हा तिथं जमलेल्यांपैकी कुणीही खरंखोटं करायला वर बघत नाही.